घोड्याचं चाक

“नक्कल ती नक्कलच!” मालकीणबाईंनी लाकडी घोडा टेबलावर आदळला. “माझ्याच कारखान्यात हात बसला आणि माझ्याच पोटावर पाय?”

समोर बसलेला कातारी मान खाली घालून ऐकत होता. बाईंच्या खेळण्यांच्या कारखान्यात त्यानं वर्षानुवर्षं लाकूड कातलं होतं. मग अचानक नोकरी सोडली, स्वतःचं दुकान थाटलं आणि हुबेहूब तसाच घोडा विकायला काढला. बाईंनी दावा ठोकला. दावा उभा राहतोय तोवर कातार्‍यानंच मध्यस्थीची विनंती केली. ‘घाबरला असेल,’ असं म्हणत बाई आल्या होत्या.

मध्यस्थ म्हणजे एक निवृत्त महिला न्यायाधीश. त्यांनी कातार्‍याला आतल्या खोलीत नेलं आणि बर्‍याच वेळानं त्या एकट्याच बाहेर आल्या.

“त्याला तुमच्याशी बोलायचंय. वकील इथंच थांबतील. आत जे बोलणं होईल, ते कोर्टात कुणालाच वापरता येणार नाही.”

बाई नाक मुरडतच त्यांच्यामागून आत गेल्या.

आत टेबलावर दोघांचे घोडे शेजारी शेजारी ठेवले होते. कातार्‍यानं बाईंचा घोडा हातात घेतला. अंगठ्यानं चाक जरा तिरकं रेटलं. टक् करून ते त्याच्या तळहातावर आलं.

“ताई, असंच चाक माझ्या मुलीच्या घशात अडकलं होतं. पोर काळीनिळी पडली. पाठीत धपके घालून कसंबसं बाहेर काढलं.”

बाईंनी ते चाक त्याच्या हातातून उचलून घेतलं. “मला का नाही सांगितलंस?”

“मॅनेजरसाहेबांना सांगितलं. पोरं काय, काहीही तोंडात घालतात, म्हणाले. तुमच्यापर्यंत येऊच दिलं नाही. मग राहवलं नाही, नोकरी सोडली.” त्यानं आपला घोडा पुढं सरकवला. “आता हे ओढून बघा.”

बाईंनी चाक ओढलं, पिळलं, टेबलाच्या कडेला अडकवून हिसडलं. जागचं हललं नाही. आत आडवी खुंटी ठोकलेली होती.

“घोडा तुमचाच आहे, ताई. चाक तेवढं माझं.”

बाईंनी तिथूनच कारखान्यात फोन लावला. विक्री ताबडतोब बंद. दुकानादुकानांत पाट्या लावा, घेतलेले घोडे परत आणा, चाकं फुकट बदलून मिळतील.  मध्यस्थबाईंनी पाण्याचा पेला पुढं केला.

संध्याकाळपर्यंत तडजोड लिहून झाली. दावा मागं. घोडा दोघांनीही विकायचा, चाकं मात्र सगळी कातार्‍याकडची. वकीलसाहेब सह्या बघून डोकं खाजवत राहिले.

जिन्यात बाईंनी त्याला गाठलं.

“मुलगी कशी आहे आता?”

“घर डोक्यावर घेते.”

बाई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. आतापर्यंत ज्याला चोर म्हटलं, त्याच्यासमोर त्यांनी हात जोडले. “हेच चाक कोर्टात दाखवलं असतंस तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तू जिंकला असतास. तरी मला सांभाळून घेतलंस. तुझे उपकार मी कसे फेडू?”

कातारी पार ओशाळला.

“तुमच्यासाठी नव्हतं हो ते, ताई. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत घोडे विकले जातच राहिले असते.”