दगडू शिपायाची टोपी

शहाद्याच्या हेमकांतला जुन्या लष्करी लोखंडी टोप्या जमवायचा नाद होता. पण ती कोणत्या शिपायाने घातली हे पक्कं ठाऊक असेल, तरच तो टोपी घ्यायचा.

सारंगखेड्याच्या सुंदरबाईंनी आपल्या वडिलांची, दगडू शिपायाची टोपी त्याला हौसेने दिली. सोबत दुसऱ्या महायुद्धातला फोटो दिला. खंदकात दगडू हसत उभा होता, डोक्यावर हीच टोपी.

"हाई टोपी व्हती म्हनीसन मन्हा बाप लढाईम्हाईन जित्ता घर उना," सुंदरबाई म्हणाल्या.

हेमकांतने दोन्ही वस्तू कपाटात मांडल्या. एका सकाळी धूळ पुसताना त्याची बायको रोहिणी थबकली.

"अहो, ह्या माणूसनी टोपी कोठे गई?"

फोटोत दगडू उघड्या डोक्याने उभा होता. हसू मावळलं होतं. दुपारी तो आभाळाकडे पाहत होता. संध्याकाळी त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं.

"त्यानी टोपी त्याले दी टाका!" रोहिणी रडवेली झाली.

पण देणार कशी? हेमकांतने टोपी फोटोच्या काचेवर दाबून धरली. काच थरथरली. टोपी बाजूला केली, तर खंदकात दगडू नव्हता, नुसती धूळ.

टोपी घेऊन तो तसाच सारंगखेड्याला धावला. सुंदरबाईंच्या ओट्यावर एक अनोळखी म्हातारा बसला होता.

"सुंदरबाई घर शेतस का?"

"कोन सुंदरबाई? हाई मन्हा दगडूकाकानं घर. काका लढाईम्हा मरना. त्यानं लगीन बी व्हयेल नव्हतं."

मग म्हाताऱ्याची नजर टोपीवर गेली.

"हाई तुम्हले कोनी दिन्ही?"