गणपतीच्या पाठीवर

जुन्या लग्नपत्रिकांवरचा गणपती केरात टाकायला कुमुदताईंचं मन धजत नसे. तो कापून घ्यायचा आणि शुभेच्छापत्रावर डकवायचा, ही त्यांची रीत. आज पाडव्याची पत्रं करता करता गणपतीच संपले.

लेकीनं, ऋजुतानं, माळ्यावरून एक गठ्ठा काढून पुढ्यात ठेवला. लग्न ऐन वेळी मोडलं, म्हणून वाटायच्या राहिलेल्या तिच्याच पत्रिका होत्या त्या.

"अगं, राहू देत त्या."

"गणपतीनं काय घोडं मारलंय?" म्हणत ऋजुतानं कात्री चालवली.

गणपती सुटा होऊन पालथा पडला. पाठीवर छापलेलं होतं, 'चि. सौ. कां. ऋजुता'. कुमुदताईंना तिकडे बघवेना.

ऋजुतानं डिंकाची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

"भरपूर लाव, आई. या वेळी सुटायला नको."