पाणी कुठल्या बाजूला वळतं

बूच काढल्यावर पहिली चार मिनिटं पाण्यावर तरंगणारी आगकाड्यांची फुली जागची हलली नाही. मग तिचं एक टोक केसभर सरकलं, आणि फुली सावकाश गिरकी घेऊ लागली.

"घड्याळाच्या उलट," जाई म्हणाली.

"घड्याळाच्या उलट," आजीने मान डोलावली. "लिही. आणि वही मला दाखवायची नाही. मागचे निकाल डोक्यात असले की डोळा हवं तेच बघतो."

यिशुन उपनगरातल्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये दोन स्टुलांवर प्लास्टिकचा गोल टब मांडला होता. तळाला मधोमध भोक होतं आणि बूच खालून बसवलेलं, म्हणजे काढताना पाण्याला हाताचा धक्का नको. संध्याकाळी टब भरायचा, वर काच झाकायची आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे फिरकायचं नाही.

अनघा दारात उभी राहून लेकीचा आणि आईचा हा उद्योग बघत होती. डेंग्यूची तपासणी करणारे अचानक आले तर साठवलेल्या पाण्याबद्दल काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. पण ती काळजी किरकोळ. खरी काळजी आईची होती.

बाबा गेल्यापासून तीन वर्षं आई पुण्यात एकटी राहत होती. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेली बाई. "माझं मी बघते," हे तिचं पालुपद. अनघा दर फोनला म्हणायची, इकडे ये, कायमची ये. आई म्हणायची, "सांगते." यंदा एप्रिलमध्ये आली तीही परतीचं तिकीट हातात घेऊनच. एकोणतीस जून, रविवार. इथे राहण्याच्या पासचा अर्ज अनघाने कधीचा भरून ठेवला होता. आईच्या होकाराशिवाय तो पुढे सरकत नव्हता.

या प्रयोगाचं खूळ मे महिन्यातल्या सहलीत निघालं. इंडोनेशियात विषुववृत्ताची रेघ आखलेल्या एका ठिकाणी गाइड परात घेऊन उभा होता. रेघेच्या उत्तरेला पाणी एकीकडे फिरवून दाखवायचा, दक्षिणेला दुसरीकडे. सगळे टाळ्या वाजवत होते. आई त्याचे पाय बघत होती.

"परात ठेवताना तो इकडे डावीकडून वळतो, तिकडे उजवीकडून," ती जाईला म्हणाली. "पाणी त्याच्यामुळे फिरतंय. पृथ्वीचा इथे काही संबंध नाही."

परतल्यावर तिने स्वतःच टब आणवला. "यिशुनहून विषुववृत्त जेमतेम दीडशे किलोमीटर. इथे नीट करू. एक जूनपासून रोज एकदा, अठ्ठावीस दिवस."

"इतकी वर्षं पुण्यात का नाही केलास?" अनघाने विचारलं.

"पुण्यात पाणी पुरेसं स्थिर केलं तर कल कुठे असणार, ते ठाऊक असतं. माणूस न बघताच उत्तर देतो. इथे डोकं चालवून काही हाती लागत नाही."

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवसापासून आणखी एक नेम सुरू झाला. सकाळी चहाच्या आधी आई घडी घातलेली चिठ्ठी जाईच्या हातात द्यायची. संध्याकाळचा प्रयोग झाला की जाईने ती एकटीने उघडून वहीत चिकटवायची.

"आई अंदाज वर्तवतायत," अनघाचा नवरा मुकुल म्हणाला. "आमच्या तांजोंग पगार भागातल्या बँकेत लोक हेच करतात हो. निम्मे अंदाज चुकतात."

"आणि बोनस?"

"तो पूर्ण मिळतो."

"मग मला कशाला नावं ठेवता?" आई म्हणाली, आणि मुकुलने हात जोडले.

अठरा तारखेला जाई वही घेऊन स्वयंपाकघरात आली. "मम्मा, आजी सो मेनी टाइम्स राँग ला. आणि डेट पण राँग. रोज एक दिवस मागची."

अनघाच्या हातातलं लाटणं थांबलं. चिठ्ठीवर आईचं मोत्यासारखं अक्षर होतं. *१७ जून. घड्याळाच्या दिशेने.* ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेली.

"आई, आज तारीख काय गं?"

आईने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर उचलली. "अठरा. बुधवार. का गं?"

"काही नाही." अनघाला स्वतःचंच हसू आलं. रात्री जेवताना ती मुकुलला हळूच म्हणाली, "ठणठणीत आहे ती. म्हणूनच राहायची नाही."

शेवटचा प्रयोग शनिवारी झाला. आईची बॅग हॉलमध्ये अर्धी भरलेली होती. जाईने निकालांची बेरीज वाचली. घड्याळाच्या दिशेने पंधरा, उलट तेरा.

"म्हणजे नाणेफेक," मुकुल म्हणाला.

"नाणेफेकच." आईचा चेहरा समाधानी दिसला. "तसंच हवं होतं. आता चिठ्ठ्या घे. प्रत्येक चिठ्ठी, तिच्यावर जी तारीख आहे, त्या तारखेच्या निकालाशी जुळव."

"बट आजी, डेट्स राँग आहेत."

"नाहीत, बाळा. आदल्या संध्याकाळी पाणी कुठे वळलं, ते मी सकाळी आठवून लिहायचे."

मुकुलने टीव्हीचा आवाज बंद केला. अनघा बॅगेत ठेवायची साडी हातात धरून उभी होती. जाई बोटाने एकेक ओळ लावत गेली.

"ट्वेंटी-सेव्हनपैकी फोर्टीन, आजी."

"परत मोज."

जाईने परत मोजलं. चौदाच आले, नाणेफेकीत येतील तेवढेच.

आईने चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या आणि पुन्हा लावला. मग ती अनघाकडे वळली.

"उद्याचं तिकीट रद्द कर," ती म्हणाली. "मी राहते."