पिंपातले पाणी

“सूनबाई, सहा वर्षं झाली. म्हैससुद्धा इतकी वाट पाहायला लावत नाही,” जेवताना आबा म्हणाले. माझी पत्नी भरल्या ताटावरून उठून आत गेली.

“आबा, दोष माझ्यात आहे,” मी प्रथमच बोललो. “कारखान्यातली रसायनाची रिकामी पिंपं तुम्ही पाण्यासाठी आणलीत. आम्ही दोघे भाऊ त्यातलंच पाणी पिऊन वाढलो. ते रसायन माझ्या रक्तात अजून आहे. मूल होणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले.”

आबांचा घास हातातच राहिला. ती पिंपं त्यांनी स्वतः सात वेळा घासली होती. मला वाटले, आता ते तिला हाक मारतील, क्षमा मागतील.

त्यांनी आवाज खाली आणला. “धाकट्याला सांगू नकोस. रविवारी त्याचा साखरपुडा आहे.”

मी मान डोलावली.