मनोरा पडला ते वर्ष

“पुन्हा सांग, हॉब. पियर्स कधी जन्मला?”

“चर्चचा मनोरा पडला ना बाईसाहेब, त्याच्या पुढच्या—”

“पुढच्या नाही रे बाबा! पडला त्याच वर्षी!”

पियर्सच्या आईनं, डेम ॲव्हिसनं, कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून चर्चच्या दारात उभी राहून ती बारा जणांकडून एकच गोष्ट घोकून घेत होती. अकरा जण पोपटासारखे बोलत होते. घोडं पेंड खात होतं ते या म्हाताऱ्या सुतारापाशी. नव्या मनोऱ्यावर फळ्या ठोकताना त्यानं पियर्स झाल्याची बातमी ऐकली होती, मग तो ते विसरणार कसा?

“आणि खोटी शपथ घेऊन नरकात गेलो तर?” हॉबनं विचारलं.

“मी येते की सोबतीला. आता गप पाठ कर.”

खरं सांगायचं तर पियर्सला एकवीस पुरी व्हायला अजून सहा महिने होते. बाप गेल्यापासून तो आणि त्याची जमीन राजाच्या हुकमानं सर रॅन्डलच्या ताब्यात होती. पोरगा सज्ञान होईपर्यंत त्यानं सांभाळ करायचा, असा कायदा. सांभाळ कसला? रानातले निम्मे ओक त्यानं तोडून नेले होते, आणि आता येत्या सप्टेंबरअखेर पियर्सचं लग्न आपल्या बहिणीशी लावायचा घाट घातला होता. बाई चाळिशीची, दोन नवरे पुरून बसलेली. सहा महिने थांबलं असतं, तर पोराच्या जन्माचं वाटोळं झालं असतं. ॲव्हिस थांबणाऱ्यांतली नव्हती.

आमच्या थॉर्नबीत तेव्हा जन्माची नोंद कोण ठेवत होतं! वय सिद्ध करायचं तर गावातल्या बारा म्हाताऱ्यांनी शपथेवर सांगायचं, की अमुक दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी माझ्या घरी असं असं झालं. ते ऐकायला यॉर्कहून राजाचे अधिकारी ट्विसलटन आले होते. माणूस गुबगुबीत आणि हसतमुख. ॲव्हिसला त्या हसण्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

पहिला उठला गिरणीवाला. “मनोरा पडला त्या वर्षी, फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाला पियर्स झाला. मला आठवतं, कारण मी त्याच दिवशी गाडीवरून पडून पाय मोडून घेतला.”

दुसरा उठला. “माझाही पाय त्याच दिवशी मोडला, सरकार.”

“कुठला?”

“डावा. याचा उजवा.”

“अरेरे! गावात त्या दिवशी धड कोणी उरलं होतं का?” ट्विसलटन म्हणाले. सगळे हसले. पण साहेबांनी दोन्ही पाय मुकाट लिहून घेतले.

कोणाची बायको बाळंत झाली होती, कोणाचा बाप गेला होता. साहेब मान डोलावत लिहीत होते. हरकत घ्यायला सर रॅन्डल येणार होता, त्याची खुर्ची रिकामीच होती. हे असं सरळ कसं चाललंय? ॲव्हिसला कळेना.

मध्येच साहेबांनी पियर्सकडे पाहिलं. “यंदा एप्रिलात, ईस्टरला, मामाबरोबर बंडात गेला होतास म्हणे?”

पियर्सची मान खाली गेली. मामाचं डोकं अजून यॉर्कच्या वेशीवर टांगलेलं होतं.

“नऊ दिवस हो, साहेब!” ॲव्हिस घाईनं म्हणाली. “पायाला फोड घेऊन परत आला. महाराजांनीसुद्धा लहान म्हणून—”

तिनं जीभ चावली. आजच्या दिवशी पोराला लहान म्हणायचं? अगं बाई, काय केलंस हे! पण साहेब लेखणी तासत होते. त्यांनी ऐकलंच नाही जणू.

शेवटी हॉब उठला.

“मनोरा… म्हणजे मी वर फळ्या ठोकत होतो, तेव्हा…”

ॲव्हिसनं त्याच्याकडे डोळे वटारले.

“पडला त्याच वर्षी, असंच ना आजोबा?” साहेबांनी मायेनं विचारलं.

हॉबनं ॲव्हिसकडे पाहिलं. तिनं शालीआड हात जोडले होते.

“हो सरकार. त्याच वर्षी.”

“छान. आता बाईसाहेब, आईपेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार? तुम्हीही सांगून टाका.”

ॲव्हिस पुढे झाली. तिनं बायबलवर हात ठेवला. “गेल्या मेणबत्त्यांच्या सणाला, फेब्रुवारीत, माझ्या पियर्सला एकवीस पुरी झाली.”

बारा जणांनी मोहरा उमटवल्या. साहेबांनी खाली सही केली, शाई सुकायला वाळू टाकली आणि कागद झटकला. “पियर्स सज्ञान आहे. सर रॅन्डलचा त्याच्यावर काही हक्क उरला नाही.”

चर्चमध्ये एकच गलका झाला. हॉब रडत होता. ॲव्हिसनं पोराला छातीशी घट्ट धरलं. “सुटलास रे बाबा! सुटलास!”

“आई, सगळे बघतायत,” पियर्स हसत म्हणाला.

“बघू देत मेले!”

ट्विसलटननी दाराकडे पाहून मान हलवली. दोन शिपाई आत आले आणि पियर्सच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

“हे काय, साहेब?”

“महाराजांची माफी एकवीस वर्षांखालच्या बंडखोरांना होती, बाईसाहेब,” साहेब कागदाची घडी घालत म्हणाले. “बाकीच्यांना फाशी. ईस्टरला तुमचा मुलगा सज्ञान होता, एवढंच आम्हाला सिद्ध करता येत नव्हतं.”