निरोपाचे तीन चेंडू

पहिला चेंडू अगदी मधोमध आला. निशिवाकीने जिवाच्या आकांताने बॅट फिरवली, ती चेंडूच्या वीतभर वरून गेली. सगळ्या स्टेडियमने टाळ्या वाजवल्या. चेंडू टाकणाऱ्या काबुरागीचे कान लाल झाले.

जपानी बेसबॉलमधली रीतच होती तशी. पिचर निवृत्त होताना शेवटच्या सामन्यात एकाच बॅटरला तीन चेंडू टाकतो. बॅटर तिन्ही चुकवतो आणि बाद होतो. मग पुष्पगुच्छ, मग रडणं. हे कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे कुणी मोडतही नाही. शिवाय काबुरागीचा ओकायामा संघ सात धावांनी पुढे होता आणि समोरच्यांचा तळाचा क्रमांक आठवड्यापूर्वीच पक्का झाला होता. हरकत असायचं कुणाला काही कारण नव्हतं.

हरकत होती ती काबुरागीला. तो बदली पिचर. सतरा वर्षांत त्याने एकही सामना सुरू केला नव्हता. आठव्या डावात, तिन्ही बेसवर माणसं उभी आणि प्रशिक्षकाचा चेहरा पांढरा, अशा वेळी त्याला बोलावणं यायचं. दुसऱ्याने घातलेला घोळ त्याने सहाशे बारा वेळा निस्तरला होता. जाताना तरी काहीतरी स्वतःचं करून जावं, खैरात घेऊन जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

मुद्दाम चुकवू नकोस, असं दुपारी सरावाच्या वेळी त्याने निशिवाकीला गाठून बजावलंही होतं. निशिवाकी शाळेत त्याच्या दोन वर्षं मागे, म्हणजे काबुरागी त्याचा जन्मभराचा सेम्पाय, मानाचा ज्येष्ठ. सेम्पायचं म्हणणं त्याने कमरेत वाकून ऐकलं आणि ‘हो’ म्हणाला. त्या ‘हो’चा अर्थ ऐकू आलं, इतकाच होता.

दुसरा चेंडू काबुरागीने मुद्दाम हातभर बाहेर टाकला. तेवढ्या लांबच्या चेंडूला बॅट घालणं म्हणजे आपल्या घरात बसून शेजारची माशी मारणं. निशिवाकीने घातली. टाळ्या दुप्पट झाल्या. काबुरागीच्या बायकोने पर्समधून रुमाल काढला. गुच्छ घेतलेला अधिकारी एक पायरी वर येऊन उभा राहिला.

बॅटरमागे बसलेला कॅचर धावत आला. आता शेवटचा आहे, हळू आणि खाली टाका, कॅमेऱ्यात छान दिसतं, असं त्याने समजावलं. काबुरागीने मान डोलावली. तो भलताच विचार करत होता.

निशिवाकी शिस्तीचा माणूस. चुकवायचं तेही पूर्ण ताकदीने, कारण अर्ध्या ताकदीने चुकवणं म्हणजे सेम्पायचा अपमान. आणि दोन्ही वेळा बॅट अगदी त्याच जागेवरून गेली होती, छातीच्या उंचीवरून, त्याच लयीत. बॅट कुठे येणार हे ओळखायचं आणि चेंडू तिथून लांब ठेवायचा, यावर काबुरागीची सतरा वर्षं गेली होती. ती कुठे येणार हे इतक्या नम्रपणे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने टोपी नीट केली. हात तीन महिने दुखत होता. त्या क्षणी तो दुखायचं विसरला.

चेंडू सुटला. कॅचरचा हातमोजा खालीच राहिला.

‘ठाक्’ असा आवाज झाला. चेंडू उजव्या बाजूच्या कुंपणावरून, जाहिरातीच्या फलकावरून, डबे खात बसलेल्या प्रेक्षकांत जाऊन पडला. होमरन. रुमाल अर्ध्यावर थांबला. गुच्छवाला एक पायरी खाली उतरला. हातातली बॅट दुसऱ्याच कुणाची असावी तसा निशिवाकी तिच्याकडे बघत राहिला. शेवटी पंचांनी त्याला पळायची आठवण केली. मान खाली घालून तो पळाला, आणि प्रत्येक बेसवरच्या खेळाडूची त्याने वेगळी माफी मागितली. त्याच्याच संघातून कुणीतरी “लाज वाटू दे” असं बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालं.

चौथ्या, म्हणजे घरच्या बेसला पाय लावून तो तसाच काबुरागीकडे आला. हेल्मेट काढलं, वाकला, आणि वर बघेना.

“सेम्पाय, आईशपथ सांगतो, मी नाही मारला.”

काबुरागी हसला. “ठाऊक आहे. मीच मारला.”