सत्यवतीचं जोडकार्ड

"लिही गो, बरी आसा. खाता-पिता, कायच त्रास नाय."

सुशीलाचं पेन कार्डावर टेकलं आणि तिथेच राहिलं. निबेखाली शाईचा ठिपका फुगत चालला.

"शाई सुकली काय गो?" रुक्मिणीकाकीने विचारलं. "काय बीए झालेल्यांका पण अडता?"

मुंबईच्या इस्पितळाचं जोडकार्ड होतं ते. अर्धं छापील, अर्धं उत्तरासाठी कोरं. रुग्णाचं नाव सत्यवती परब, मुक्काम मसुरे. सध्या प्रकृती कशी आहे?

सत्यवती काकीची लेक. आजारात माहेरी आली आणि दीड वर्षापूर्वी, वैशाखात गेली. तेराव्याला सुशीलाने पंगतीत वाढलं होतं. तरी दर सहा महिन्यांनी कार्ड यायचं. काकी ते घेऊन शेजारच्या या शिकलेल्या सुनेकडे यायची, आणि काकी सांगेल ते सुशीला लिहून द्यायची. कुणाला सांगणार नाही, असा शब्दही दिलेला. दोन कार्डं तशी गेली. आईच्या जिवाला तेवढंच बरं वाटतं, वाटू दे. मुंबईत कोण वाचत बसलंय?

वाचत होते. ते तिला चार दिवसांपूर्वी कळलं.

तिच्या आठ महिन्यांच्या लेकीने, आनंदीने अचानक उजवीकडचं दूध धरायचं सोडलं. सासू म्हणाली, दात येत असतील. सुशीलाला झोप लागेना. चाचपून बघितलं तर गाठ. नवरा मुंबईला गोदीत होता, त्याच्याकडे गेली आणि त्याच इस्पितळात उभी राहिली. तिथे डॉक्टरांनी तिला धीर द्यायला एक नवीन यंत्र दाखवलं. एकेका बाईची सगळी हकिकत एका जाड कार्डावर भोकं पाडून उतरवलेली. यंत्र सुरू झालं की कार्डं सरसर पळायची आणि आपापल्या कप्प्यात जाऊन पडायची. पूर्वी ज्या हिशेबाला वर्ष लागायचं, तो दुपारच्या चहाआधी तयार.

"नुसते किरण दिलेल्या सतरा बायका," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षांनंतर चौदा ठणठणीत. ऑपरेशन केलेल्या बायका तपासायला इथे येतात, त्यांचंही प्रमाण साधारण तेवढंच. मग तुम्हाला कापायचं कशाला? लहान मूल आहे तुमचं."

चौदा! तिला हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी कौतुकाने फायलीतून एक कार्ड काढलं. "ही तर तुमच्याच गावची बघा."

प्रकृती उत्तम. अक्षर तिचं स्वतःचं होतं.

चौदातली एक तिनेच जिवंत ठेवली होती. बाकीच्या तेराजणींची उत्तरं कुणी लिहिली असतील? आठ दिवसांत कळवते, एवढंच डॉक्टरांना सांगून ती गावी परतली. शब्द तिने काकीला दिला होता. मोडायचा तर काकीला विचारूनच.

"काकी," तिने पेन खाली ठेवलं, "ह्या खेपेक खरां लिवया."

काकीचा चेहरा आवळला. "तुझा काय जाता गो? गणपत पोस्टमन अंगणात उभो रवान हाक मारता, 'सत्यवती परऽब!' वर्साक दोन येळा माझ्या चेडवाचा नाव कोणतरी मोठ्यान घेता. खरां लिवलंस की ता पण बंद."

सुशीलाकडे उत्तर होतं. यंत्र, सतरा, चौदा. यातलं काही काकीला पटणार नव्हतं. तिने काकीचा हात धरला, ब्लाऊजच्या आत नेला आणि उजवीकडे दाबून ठेवला.

काकीची बोटं थांबली. सहा महिने याच बोटांनी लेकीला तेल लावलं होतं. त्यांना कुठल्या यंत्राने सांगायची गरज नव्हती.

आनंदी चटईवर पालथी पडून जोडकार्डाचा कोपरा चोखत होती. काकीने तिच्या तोंडातून कार्ड काढलं, पदराने पुसलं आणि सुशीलासमोर ठेवलं.

"लिही, गेली. तारीख पण घाल. आणि आधीची दोन खोटी होती म्हणान लिही. मीच सांगितलेलंय. तुझा नाव नको."

"अक्षर माझा आसा, काकी. नाव पण माझाच जातला."

त्या कार्डासोबत तिने डॉक्टरांना वेगळं पत्र लिहिलं. ऑपरेशन करा, असं कळवलं. महिन्याने ती टेबलावर जायच्या आदल्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले. बाकी तेराही घरी त्यांनी माणूस पाठवला होता. आणखी तिघी गेलेल्या निघाल्या. कुठे मुलाने लपवलं होतं, कुठे आईने.

"चौदाच्या दहा झाल्या," डॉक्टर म्हणाले. "भोकं नव्याने पाडली. आता पुढच्या बायकांना मी नुसते किरण पुरेत असं नाही सांगणार."

सहा महिन्यांनी गणपतची हाक आली, पण सुशीलाच्या अंगणात. "सुशीला सावंऽत!"

सुशीला पेन घेऊन बसली. उजवा हात अजून जड होता, कार्ड सरकत होतं. कुंपणापलीकडून काकी हाक ऐकून लगबगीने आली, समोर फतकल मारून बसली आणि कार्डाची कड दोन बोटांनी घट्ट धरली.

"लिही गो," काकी म्हणाली, "बरी आसा."

या वेळी पेन अडलं नाही.